चौबळबाईंचा उजवा कान

मित्रांनो, ठाण्याला नौपाड्यात एका बैठ्या घरामागे पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये एक लांबट, बुटकी, हिरवी मोटार बरेच दिवस विटांच्या थरांवर उभी होती. तिच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर नाही, जाड कापडाचा टप आहे. ती मोटार म्हणजे मी. परवा माझ्या खालच्या विटा काढल्या, चाकांत पुन्हा हवा भरली. माझं इथून जाणं ठरलं आहे. जाण्याआधी मला तुम्हांला एका कानाची हकीकत सांगायची आहे. ज्यांचा तो कान, त्या स्वतः याविषयी कोणाशी बोलत नाहीत.

माझा जन्म विलायतेतला, दुसऱ्या महायुद्धाच्या थोडा आधीचा. कारखान्यात माझा सांगाडा ठोकला, इंजिन बसवलं, दिवे लागले. अगदी शेवटी एका कारागिराने कॅनव्हास शिवून माझा टप तयार केला. छत्रीसारखा तो उघडायचा आणि मिटायचा. मागे दुमडून ठेवला की माझ्यात बसणाऱ्याच्या डोक्यावर थेट आभाळ! टप म्हणजे पावसापुरती सोय, असंच सगळे समजत. वाऱ्याचा आणि आवाजाचा मारा तो अडवतो, हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

एका गोऱ्या लष्करी साहेबाबरोबर मी बोटीने हिंदुस्थानात आले. लढाईच्या दिवसांत कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. तिथे माझं बस्तान बसलं. साहेब तोफखान्यातला होता. त्याच्याशी बोलायचं तर शिपाई तोंडापुढे हात धरून ओरडत आणि तरीही साहेब "काय? काय?" करी. पाठीमागे शिपाई हसत. मलाही तेव्हा त्यात गंमतच वाटे.

देश स्वतंत्र झाला आणि साहेब परत निघाला. तेव्हा मला बघायला ठाण्याहून एक बाई आल्या. पांढरं सुती पातळ, जाड भिंगांचा चष्मा, हातात चामड्याची बॅग. त्या होत्या डॉक्टर कलावती चौबळ. नौपाड्यात त्यांचं लहानसं प्रसूतिगृह होतं. पण त्यांचं निम्मं काम गावांमध्ये होतं. अडलेल्या बाईकडे टांग्याने पोचेपर्यंत कधी कधी फार उशीर होई, म्हणून त्यांना मोटार हवी होती.

"हा टप नीट वर येतो का?" बाईंनी साहेबाला विचारलं.

"काय?"

बाईंनी मोठ्याने पुन्हा विचारलं. साहेब हसला. "टप कशाला हवा? टप खाली ठेवायचा आणि हवा खायची!" तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला.

बाईसुद्धा हसल्या आणि मी त्यांची झाले.

मित्रांनो, ती पुढची वर्षं माझी खरी उमेदीची. त्या काळात ठाण्यात मोटारी थोड्या, आणि मोटार चालवणारी बाई तर बघायलाही मिळायची नाही. आम्ही निघालो की दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत. माजिवड्यावरून आग्रा रोडला लागलो की बाई वेग वाढवत. खाडीचा पूल, भिवंडी, पडघा, तिथून कुठे शेतांमधल्या कच्च्या वाटांनी आत. माझ्या मागच्या बाकावर पांढऱ्या फडक्यात बांधलेली अवजारं असत आणि बाईंच्या शेजारी कमळाबाई.

कमळाबाई म्हणजे प्रसूतिगृहातल्या नर्स. अंगाने भक्कम, बोलायला थोड्या. गाडीत बसल्या की त्या पदर डोक्यावरून घट्ट आवळून घेत आणि कानांत व्हॅसलीन लावलेले कापसाचे बोळे दाबून बसवत.

"तुम्हांला सर्दी झालीय का हो कमळाबाई?" बाईंनी एकदा चेष्टेने विचारलं.

"सर्दी नाही बाई. वारा घोंघावतो कानात. मग दिवसभर डोकं ठणकतं."

"मला तर उलट बरं वाटतं. सकाळपासून फिनेलच्या वासात असते मी. इथे तरी मोकळा वारा लागू दे. आणि कानांत बोळे घालून बसले तर मागच्याचा हॉर्न मला कसा ऐकू येणार?"

कमळाबाईंनी वाद घातला नाही. बाईंचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. त्यामुळेच ते घातक ठरलं.

माझं स्टिअरिंगचं चाक उजव्या हाताला. त्यामुळे समोरून येणारे ट्रक बाईंच्या उजव्या कानाशेजारून धडधडत जात. वारा तर दोन्ही कानांवर सारखा आपटत असे. त्यात एक दिवस पडघ्याच्या पुढे एका दगडावर माझं पोट घासलं आणि सायलेन्सर फुटला. इंजिनाचा आवाज गिळून टाकणारा तो पत्र्याचा डबा असतो. तो फुटल्यावर माझा आवाज रस्त्यावर खडी फोडणाऱ्या यंत्रासारखा येऊ लागला.

माजिवड्याला विश्राम नावाचा मिस्त्री होता. त्याने खाली वाकून पाहिलं.

"बाई, डबा गेला कामातून. नवीन मागवावा लागेल बाहेरून. तोवर पत्रा मारून देतो, पण तो टिकायचा नाय. मी मागे असा आवाजाचा ट्रक चालवून नाशिकला गेलेलो, दोन दिवस कानाला दडे बसलेले."

"मागव," बाई म्हणाल्या. "तोवर चालवते."

डबा आला नाही. विश्रामचा पत्रा महिन्याभरात गळून पडला. पुन्हा मारला, पुन्हा पडला. मग बाईंनी तो नाद सोडला. त्यालाही कारण होतं. माझा आवाज आता दोन गावं अलीकडून ऐकू जायचा. तो ऐकला की अडलेल्या बाईच्या घरी चुलीवर पाण्याचं पातेलं चढायचं, रस्त्यातली गुरं बाजूला व्हायची. लोक म्हणायचे, फटफटवाली बाय आली. आम्ही दारात पोचायच्या आत सगळी तयारी झालेली असे. "बघा कमळाबाई," बाई म्हणायच्या, "या आवाजाने आपली पंधरा मिनिटं वाचतात." त्यांना माझा तो आवाज आवडू लागला होता.

पहिली खूण मला एका दुपारी कळली. आम्ही शहापूरकडून परत आलो होतो. बाईंनी इंजिन बंद केलं आणि चाकावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.

"कमळाबाई, भर दुपारी रातकिडे कुठले ओरडतायत?"

कमळाबाईंनी कानांतले बोळे काढले आणि इकडेतिकडे पाहिलं. "रातकिडे? नाही बाई. सगळं चिडीचूप आहे."

"असं? मग लांबच्या प्रवासाने असेल."

संध्याकाळपर्यंत ते रातकिडे थांबले. पण पुढच्या लांबच्या फेरीनंतर पुन्हा आले, आणि या वेळी दुसऱ्या दिवशीही उरले. पुढे पुढे ते थांबेनासे झाले.

मग घड्याळाचं झालं. बाईंच्या मनगटावर छोटं किल्लीचं घड्याळ होतं. त्या ते अधूनमधून कानाशी लावून बघत. एकदा म्हणाल्या, "बंद पडलंय वाटतं." त्यांनी ते नौपाड्यातल्या घड्याळजीकडे टाकलं. घड्याळजीने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन ते परत दिलं. मी फाटकातच उभी होते.

"बाई, याला काही झालेलं नाही. उत्तम चाललंय."

"आवाज येत नव्हता हो."

"येतोय की." त्याने ते स्वतःच्या कानाला लावलं, हसला आणि निघून गेला. बाईंनी मात्र घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांनी ते मनगटावर बांधलं आणि विषय संपवला. डॉक्टर दुसऱ्यांचं दुखणं चटकन ओळखतात. स्वतःचं ओळखायला त्यांनाही सवड लागते, मित्रांनो, आणि बाईंना सवडच नव्हती.

त्या वर्षी माजिवड्याच्या वळणावर एक ट्रक आम्हांला ओलांडायला लागला. त्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग हॉर्न दाबूनच धरला. बाई सरळ त्याच्या वाटेत उजवीकडे सरकत होत्या. "बाई! बाई, ट्रक!" कमळाबाई किंचाळल्या आणि त्यांनी बाईंचा दंड ओढला. माझा मागचा मडगार्ड कागदासारखा चुरगळला. ट्रकवाला खाली उतरून ओरडू लागला, "किती वेळ हॉर्न मारतोय! कान आहेत का नाहीत?"

हॉर्न ऐकू यावा म्हणून ज्या बाई कानांत कापूस घालत नव्हत्या, त्यांना हॉर्नच ऐकू आला नव्हता. परत येताना कमळाबाई हळूच म्हणाल्या, "बाई, कान दाखवून या ना एकदा मुंबईला."

"काय म्हणालात?"

कमळाबाईंनी पुन्हा सांगितलं नाही. वाऱ्याच्या आवाजात बाईंना आपलं बोलणं पोचलं नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मी मात्र तेव्हा बंद इंजिनाने उतारावर हळूहळू सरकत होते. वारा असा नव्हताच.

आता मी त्या दिवसाकडे येते.

मार्गशीर्ष महिना होता. भाताची कापणी उरकली होती. सकाळी सकाळी खडवलीहून काळुराम नावाचा शेतकरी आगगाडीने ठाण्याला आला आणि धावत प्रसूतिगृहात शिरला. त्याची बायको गोदा पहिलटकरीण होती. आदल्या दिवसापासून ती कळा देत होती आणि सुटका होत नव्हती.

"चला," बाई म्हणाल्या. बॅग भरलेलीच होती. कमळाबाई पुढे बसल्या, काळुराम मागे. टप खाली होता. बाईंनी मला इतकं जोरात कधीच पळवलं नव्हतं. वाटेत ट्रकांची रांग लागली. एकेका ट्रकाला ओलांडताना माझ्या फुटक्या सायलेन्सरचा आवाज त्यांच्या पत्र्यांवर आपटून परत येत होता. काळुराम दोन्ही हातांनी कान झाकून बसला होता. बाई दोन्ही हातांनी चाक धरून होत्या. कान झाकायला त्यांना हात नव्हते.

काळुरामच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा गोदाची सासू सखुबाई दारातच उभी होती. "बाय, माजे सुनेला बगा. थकली वं ती," ती म्हणाली. मला खिडकीखाली पेंढ्याच्या उडवीशेजारी उभं केलं होतं. आत काय बोलतात ते मला ऐकू येत होतं.

पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला बाईंकडे एक लाकडी नळी होती. तिचं रुंद तोंड आईच्या पोटावर ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. ते ठोके फार बारीक असतात, उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखे. बाई नेहमी उजवा कान लावत. वर्षानुवर्षांची सवय.

आत सगळे गप्प झाले. नळी एका जागी ठेवली. मग दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या. गोदाचं कण्हणं तेवढं येत होतं.

"बाय, हाय ना बरा?" सखुबाईने विचारलं.

बाईंनी कान आणखी घट्ट टेकवला. त्यांनी पुन्हा नळी ठेवली.

"बाय, मना सांगा, काय हाय तो सांगा!"

"ठोके लागत नाहीत," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, या तीन शब्दांमध्ये केवढं काय होतं ते समजून घ्या. बाळ जिवंत असेल तर गोदाला ताबडतोब ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन शस्त्रक्रिया करायला हवी होती. पण बाळ गेलेलं असेल तर थकलेल्या आईला त्या रस्त्याचे हादरे देणं म्हणजे तिचाही जीव धोक्यात घालणं. मग तिला तिथेच ठेवून, जपून सोडवायचं. कोणती वाट धरायची ते सगळं त्या बारीक ठोक्यांवर होतं. आणि बाईंनी ठरवलं की गोदाला हलवायचं नाही.

आत सखुबाईने टाहो फोडला. काळुराम अंगणात माझ्या चाकाला टेकून मटकन खाली बसला. "सकाळी पोर हलत होतं. ती सांगत होती मला, हलतंय म्हणून," तो स्वतःशीच म्हणत होता.

बाई हात धुवायला बाहेर आल्या आणि माझ्या दाराखालच्या पायफळीवर टेकल्या. सवयीने त्यांनी मनगट वर उचललं आणि घड्याळ उजव्या कानाशी नेलं.

काही नाही. त्यांनी घड्याळ समोर धरलं. सेकंदाचा काटा टुकटुक पुढे सरकत होता. घड्याळ चालू होतं.

बाईंनी ते पुन्हा उजव्या कानाला लावलं. काही नाही. मग हात अवघडल्यासारखा वळवून त्यांनी ते डाव्या कानाला लावलं. आणि मित्रांनो, तिथे टिकटिक येत होती.

त्या उठल्या त्या पळतच. चप्पल अंगणातच राहिली. आत पुन्हा सगळे गप्प झाले. या वेळी ते गप्प होणं मला सोसवत नव्हतं.

"आहे!" बाईंचा आवाज चिरकला. "कमळाबाई, आहे! पण ठोका सावकाश पडतोय. बाळ दमलंय. तुम्ही ऐका. माझ्यावर विसंबू नका, तुम्ही ऐका!"

थोड्या वेळाने कमळाबाईंचा आवाज आला. "आहे बाई. आहे."

मग जी धावपळ उडाली! गोदाला चादरीच्या झोळीत घालून आणलं. तिला वारा आणि ऊन लागू नये म्हणून टप वर करायचा होता. पण पावसाळा सरल्यापासून तो उघडलाच नव्हता. लोखंडी बिजागऱ्या गंजल्या होत्या, घडीत धूळ आणि गवत साचलं होतं. बाई एका बाजूने आणि काळुराम दुसऱ्या बाजूने ओढत होते. माझे सांधे करकरले आणि टप एकदाचा वर आला. बाईंनी काचा वर चढवल्या. कमळाबाईंनी आपल्या बॅगेतून कापूस आणि व्हॅसलीनची डबी काढली, दोन बोळे माखले आणि बाईंपुढे धरले. बाईंनी ते घेतले.

त्या परतीच्या वाटेवर बाईंनी मला खड्डे चुकवत, जपून चालवलं. मधून मधून त्या थांबत, इंजिन बंद करत आणि कमळाबाई नळी लावत. "आहे," असं त्यांनी म्हटलं की पुढे निघायचं. भिवंडीच्या पुढे एकदा कमळाबाई बराच वेळ नळी इकडून तिकडे हलवत राहिल्या. काळुरामने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. "आहे, पण चला," कमळाबाई म्हणाल्या. "थांबू नका आता."

बाळ जगलं, मित्रांनो. मुलगी झाली. पण ती जन्मली तेव्हा निळी पडली होती आणि रडायला तिने फार वेळ लावला. तिचं नाव शालू ठेवलं. काळुराम आणि सखुबाई बाईंच्या पाया पडले. "बाय, तुमी देव हाव," सखुबाई म्हणाली. बाईंनी तिला उठवलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आणि कमळाबाई माझ्यात बसल्या होत्या. गाडी सुरू केलेली नव्हती.

"कमळाबाई," बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षात मी आणखी कुठे कुठे म्हटलं होतं, ठोके लागत नाहीत म्हणून?"

कमळाबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"ती बाळं गेलेलीच होती ना?"

"बाई, तो विचार नको आता."

"मी विचारतेय, कमळाबाई. ती गेलेलीच होती ना?"

कमळाबाईंनी बाईंचा हात हातात घेतला. त्यांना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं आणि आता कधी कळणारही नव्हतं. त्या दिवसापासून बाईंच्या चेहऱ्यावर जी सावली आली ती पुन्हा गेली नाही.

त्याच आठवड्यात बाई मुंबईला कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. परत येताना त्यांनी सगळं कमळाबाईंना सांगितलं, म्हणून मलाही कळलं. कानाच्या आत केसांहून बारीक तंतू असतात. आवाज मोठा असला आणि फार वेळ असला की ते मरतात. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आधी घड्याळाची टिकटिक जाते, पाखरांचा आवाज जातो, मग माणसांचं हळू बोलणं जातं. लांबच्या गोंगाटानंतर काही तास तर बारीक आवाज मुळीच कळत नाही. त्या दिवशी नेमकं तेच झालं होतं.

"औषध काय दिलं?" कमळाबाईंनी विचारलं.

"गेलेल्याला औषध नाही. उरलेलं सांभाळा म्हणाले. टप वर, काचा वर. नुसता कोरडा कापूस फारसा कामाचा नाही, तुमच्यासारखा माखून दाबून बसवायचा. वेग कमी. लांब जायचं तर मध्ये थांबून कानांना विसावा द्यायचा. आणि सायलेन्सर आधी बदलायचा." मग त्या थोडं थांबून म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी हे केलं असतं तर कान शाबूत राहिले असते म्हणाले."

विश्रामने एका मोडीत निघालेल्या मोटारीचा डबा कापून, जोडून मला बसवला. माझा आवाज एकदम खाली आला. आता आम्ही गावात शिरलो तरी कोणाला कळत नसे. पाणी तापलेलं नसे, गुरं वाटेत असत. वेळ जास्त लागे, पण बाई कधी कुरकुरल्या नाहीत. आधीच थोड्या लवकर निघत. गावात पोचल्यावर त्या काही वेळ झाडाखाली शांत बसत, मगच नळी हातात घेत. आणि प्रत्येक वेळी त्यांच्यानंतर कमळाबाई ऐकत. दोघींचं एक झालं तरच निर्णय.

तरी जे निघून गेलं होतं ते परत आलं नाही. उजवा कान जवळजवळ बंदच झाला. डाव्यातही रातकिडे घर करून राहिले. १९५७ साली एक दिवस बाईंनी बाळंतपणं घेणं थांबवलं. कोणी तक्रार केली नव्हती, कुठे चूक झाली नव्हती. "चूक होण्याची वाट बघायची का?" असं त्या कमळाबाईंना म्हणाल्या. प्रसूतिगृहाची पाटी उतरली. कमळाबाई आपल्या भावाकडे कल्याणला राहायला गेल्या. मी या शेडमध्ये आले. उंदरांनी माझ्या बाकांत घरं केली. कोंबड्या माझ्या बॉनेटवर बसू लागल्या. अधूनमधून बाई येतात, टपावरची धूळ फडक्याने झटकतात आणि निघून जातात.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून सहदेव नावाचा एक तरुण मला बघायला आला. नुकतंच लग्न झालेला, हसतमुख, अंबरनाथच्या कुठल्याशा कारखान्यात मोठ्या यंत्रांवर कामाला. त्याने मला चारी बाजूंनी पाहिलं, हॉर्न वाजवला, आरशात भांग पाहिला. पोरगा वाईट नाही.

"मी मागे पुण्याला गेलेलो मित्राच्या उघड्या गाडीतून," तो म्हणाला. "खंडाळ्याच्या घाटात काय मजा आलेली! तेव्हाच ठरवलेलं, घ्यायची तर अशीच."

बाई त्याच्या ओठांकडे पाहत होत्या. "गाडी देईन," त्या म्हणाल्या. "पण माझं एक ऐक. लांब जाताना टप वर ठेव. कानांत माखलेला कापूस घाल. तू आधीच दिवसभर यंत्रांच्या आवाजात असतोस. कानांना ते सगळं मिळून सोसावं लागतं. बायको शेजारी बसेल, तिचेही कान सांभाळ."

"हो बाई, नक्की," सहदेव मोठ्याने म्हणाला. "आमच्या कारखान्यात याच्या दसपट आवाज असतो, मला सवय आहे."

"सवय होत नाही रे," बाई म्हणाल्या. "ऐकू येणं कमी होतं, त्याला आपण सवय म्हणतो."

सहदेवने मान डोलावली. बाई किल्ली आणायला घरात वळल्या. त्यांची पाठ फिरली तशी तो माझ्या टपावर थाप मारून हसत हळूच म्हणाला, "माजिवडा ओलांडला की पहिला हा खाली."

मला ते स्वच्छ ऐकू आलं. बाई दोन पावलांवर होत्या. त्या वळल्या नाहीत. घरातून किल्ली घेऊन आल्या आणि त्यांनी ती त्याच्या हातात ठेवली.

मित्रांनो, उद्या तो मला न्यायला येईल. मला त्याच्याशी बोलता येत असतं तर मी त्याला थांबवलं असतं. मला फक्त आवाज करता येतो, आणि तोच तर त्याला हवा आहे. तुम्ही मात्र ऐकू शकता. तुम्ही कधी उघड्या मोटारीत बसलात, फटफटीवर बसलात, कुठल्या मोठ्या आवाजाच्या शेजारी उभे राहिलात, तर कान झाका. चालवणाऱ्याला टप वर करायला सांगा, आणि त्याने नाही ऐकलं तर पुन्हा सांगा, त्याला ऐकू येतंय तोवर सांगा.